पेन ज्याचे त्याच्या हाती

एकोडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले, धानाच्या पट्ट्यातले गाव. बारावीनंतर शिकायचे तर इथल्या मुलांना बाहेर पडावे लागते. बहुतेकांना साकोली जवळ पडते, काही भंडाऱ्याला जातात, काही नागपूरला खोली करून राहतात. कॉलेजात गेल्यावर पहिल्या वर्षातच त्यांच्यापुढे लिहिण्याची कामे येऊन पडतात. असाइनमेंट, सेमिनार, शिष्यवृत्तीच्या अर्जातले स्वतःविषयीचे पानभर निवेदन. नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली, तेव्हापासून त्यात फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे अहवालही आले. म्हणजे पूर्वी एम.ए.ला गेल्यावर जे लिहावे लागे, ते आता बी.ए., बी.कॉम.च्या मुलाला लिहावे लागते.

शाळेने त्याला निबंध पाठ करायला शिकवलेले असते, स्वतःचे लिहायला क्वचितच. याचा ठपका एकट्यादुकट्या शिक्षकावर ठेवता येणार नाही. साठ-सत्तर वह्या तपासणारा माणूस लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू शकतो; प्रत्येक मुलाशेजारी बसून ‘तुला नेमके काय म्हणायचे आहे?’ असे विचारायला त्याच्याकडे वेळ नसतो. हा प्रश्न विचारणारे माणूस ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एका खोलीत बसले, तर किती फरक पडतो, आणि ती खोली गावात कशी चालवायची, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

खोलीचा नियम साधा. आधी नाव नोंदवायचे नाही, फी नाही, वेळ मागून घ्यायची नाही. दार उघडे असेल तेव्हा यायचे. अर्धवट लिहिलेला कागद असेल तर उत्तम, नसेल तर विषय सांगायचा. पाच मिनिटे बसा किंवा तासभर. शिकवणी वर्गापेक्षा हे वेगळे आहे, कारण इथे अभ्यासक्रम नसतो. आलेल्याच्या हातात जे लिखाण आहे, तोच त्या दिवसाचा अभ्यासक्रम.

अशा खोल्यांना, म्हणजे लेखन केंद्रांना, अमेरिकेत नव्वद वर्षांचा इतिहास आहे. आयोवा विद्यापीठात कॅरी स्टॅन्ली या प्राध्यापिकेने १९३४ च्या सुमारास लेखनाची प्रयोगशाळा चालवायला सुरुवात केली. प्रयोगशाळा एवढ्यासाठी, की विद्यार्थ्याने तिथेच बसून लिहावे आणि लिहितानाच शिक्षकाशी बोलावे. पण या कामाला खरे वळण मिळाले ते १९७० नंतर. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने त्या वर्षी शहरातल्या शाळा उत्तीर्ण झालेल्या सर्वांना प्रवेश खुला केला. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते अशी हजारो मुले सिटी कॉलेजात आली. त्यांचे लिखाण पाहून अनेक प्राध्यापकांनी हात टेकले. मीना शॉनेसी यांनी मात्र ते कागद बाजूला टाकले नाहीत. प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेले सुमारे चार हजार निबंध त्यांनी वाचून काढले आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : या मुलांच्या चुका वाटेल तशा झालेल्या नाहीत, त्यांच्यामागे नियम आहे. घरची भाषा, अर्धवट कळलेला पुस्तकी नियम, आणि चूक होईल या भीतीने घेतलेली सावधगिरी, यातून त्या घडतात. ज्याला तो नियम दिसला त्यालाच मदत करता येते.

त्याच शहरात ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रफी यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. मदतीसाठी तज्ज्ञ शिक्षक नेमले, तरी मुले तिकडे फिरकेनात. त्यांना तो वर्गाचाच वाढीव तास वाटे. मग सोबतचेच विद्यार्थी मदतीला बसवले, तर मुले येऊ लागली. पुढे १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ यांनी या केंद्रांचे काम काय, याविषयी एक लेख लिहिला आणि तो या क्षेत्रात आजही आधार मानला जातो. त्यांचा मुद्दा : समोरचा कागद सुधारणे हे केंद्राचे काम नाही, लिहिणारा माणूस सुधारला पाहिजे. कागद सुधारून देणे सोपे आहे. दहा मिनिटांत होते. पण पुढच्या कागदाला तो विद्यार्थी पुन्हा तितकाच अडतो.

आपल्याकडे या नावाच्या खोल्या जुन्या नाहीत, पण हे काम जुने आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्यावर होती. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. रोजच्या जगण्यातले, मुलांच्या कानावर पडलेले, त्यांनी पाहिलेले असे काही कागदावर येते आणि दुसरे कोणी ते वाचते, ही गोष्ट खेड्यातून आलेल्या त्या मुलांसमोर रोज घडत होती. लिखाण म्हणजे परीक्षेचे उत्तर, ही समजूत मोडायला यापेक्षा थेट उपाय मला ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण औरंगाबादचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तिथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्याही ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षर पोचू दिले गेले नव्हते, तिथली मुले इथे आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांकडून ते रंगमंचावर आणले. याच परिसरात गंगाधर पानतावणे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक उभे केले आणि पुढे लेखक-वाचक मेळाव्यांची परंपरा सुरू केली. पानतावणे मूळचे नागपूरचे. दलित साहित्याच्या इतिहासात या त्रैमासिकाचे स्थान सर्वांना माहीत आहे, पण आपल्या विषयाच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्या मागे लिहिणाऱ्यांची परंपरा नाही अशा तरुणाला आपले लिखाण दाखवायला माणूस आणि जागा, दोन्ही मिळाली. आजच्या घडीला विदर्भातच राजू केंद्रे यांनी सुरू केलेली एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीच्या पदवीधरांना देशातल्या नामवंत विद्यापीठांचे आणि परदेशी शिष्यवृत्त्यांचे अर्ज लिहायला मदत करते. त्या अर्जांत ‘तुम्ही कोण, आणि हेच का शिकायचे आहे’ हे स्वतःच्या शब्दांत सांगावे लागते. गुणपत्रिका चांगली असूनही मुले तिथे अडखळतात.

आता एकोडीकडे येऊ. इथे खोली उघडणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. येणाऱ्या मुलाच्या घरची बोली झाडीबोली आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून जो झाडीपट्टीचा मुलूख होतो, त्याची ही बोली. तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला तो इथेच, साकोलीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर या बोलीचे शब्द, व्याकरण, दंडारीसारख्या लोककला यांच्यावर काम केले; झाडीबोली साहित्य मंडळ आणि झाडीबोली साहित्य संमेलने यांमागेही त्यांचाच ध्यास होता. म्हणजे एकोडीच्या खोलीत बसणाऱ्या मार्गदर्शकाला बोलीविषयीचे साहित्य शोधत पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. ते त्याच्या तालुक्याच्या गावी तयार आहे.

त्याचा उपयोग कसा होतो, ते एका उदाहरणावरून पाहू. पूर्व विदर्भातला मुलगा लिहितो, ‘मी पुस्तक वाचलो आणि सर्वेक्षण केलो.’ तपासणारा दोन्ही क्रियापदांवर लाल रेघ मारतो. मुलगा ‘वाचले’, ‘केले’ असे करून आणतो आणि पुढच्या पानावर पुन्हा ‘मी माहिती घेतलो’ लिहितो. आता यामागचा नियम पाहा. प्रमाण मराठीत ‘मी शिकलो’, ‘मी बोललो’, ‘मी विसरलो’ हे बरोबर आहे. तिथे क्रियापद करणाऱ्याच्या मागे जाते. ‘मी पुस्तक वाचले’ इथे मात्र ते पुस्तकाच्या मागे जाते. प्रमाण भाषेत अशा दोन तऱ्हा आहेत, आणि कोणते क्रियापद कोणत्या तऱ्हेचे हे लक्षात ठेवावे लागते. बोलीने एकच तऱ्हा सगळीकडे लावली. हा नियम प्रमाण भाषेच्या नियमापेक्षा जास्त सरळ आहे! मुलाला हे असे सांगितले की त्याचा चेहरा बदलतो. आपल्याला भाषा येत नाही असे त्याला आजवर वाटत आलेले असते. आपल्याकडे एक नियम आहे आणि विद्यापीठाच्या कागदासाठी दुसरा वापरायचा आहे, हे त्याला नव्याने कळते. मग तो स्वतःच आपल्या पानावरची अशी क्रियापदे शोधून काढतो. पाऊस ‘येऊन राहिला’ आणि पाऊस ‘येत आहे’ यांचेही तसेच. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येणे, हेही बोलीच्या उच्चाराला धरून आहे. एकेक शब्द दुरुस्त करत बसण्यापेक्षा हा एक धागा हाती दिला तर शंभर शब्द सुटतात.

शुद्धलेखनाची पाळी मात्र शेवटची, हे मी आग्रहाने सांगेन. मराठी लेखनाचे अठरा नियम आहेत आणि ते येणे गरजेचे आहे, पण मजकूरच उभा राहिलेला नसताना वेलांट्या मोजण्यात अर्थ नाही. उद्या जो परिच्छेद वगळायचा आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज दुरुस्त करून काय हाती लागणार?

एक बैठक जवळून पाहू. समजा, बी.ए.ला असलेली एक मुलगी फील्ड प्रोजेक्टचा कागद घेऊन आली आहे. विषय, गावचा तलाव. तिने सुरुवात अशी केली आहे : ‘प्राचीन काळापासून मानवी जीवनात पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. जल हेच जीवन आहे. आमच्या गावात तलाव असून तो खूप महत्त्वाचा आहे. तलावामुळे गावाचा सर्वांगीण विकास होतो.’ यात एकही शुद्धलेखनाची चूक नाही. पण तलाव मात्र कुठेच नाही. हा परिच्छेद कोणत्याही गावच्या कोणत्याही तलावाला लागू होईल.

मार्गदर्शक ताई पेन हातात घेत नाही. हे महत्त्वाचे. पेन तिच्या हातात गेले की मुलगी मागे सरकते आणि काम ताईचे होते. ताई कागद तिलाच मोठ्याने वाचायला सांगते. वाचून झाल्यावर विचारते, ‘तुमच्या घरची बांधी तलावाखाली आहे का?’

‘हो, बाबाची आहे.’

‘पाणी सोडतात तेव्हा आधी कोणाला मिळतं?’

मुलगी विचारात पडते. मग सांगू लागते. वरच्या अंगाला ज्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्त शेते, आहेत त्यांना आधी, शेवटच्याला कधी मिळते कधी नाही. एका वर्षी पार, म्हणजे तलावाची पाळ, फुटली होती, तेव्हा खालच्या बांध्यांतले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, वाहून गेले, असे आजी सांगते. तेव्हापासून रोवणीच्या आधी चार माणसे जाऊन पार पाहून येतात. यंदा कोणी गेले नाही, म्हणून बाबा चिडले होते.

ताई एवढेच म्हणते, ‘आता जे बोललीस ते लिही. जसं बोललीस तसंच.’

पंधरा मिनिटांनी कागदावर उतरते ते साधारण असे असते : ‘आमच्या तलावाची पाळ एकदा फुटली होती. खालच्या बांध्यांतले पऱ्हे वाहून गेले. त्यानंतर गावातली माणसे दरवर्षी रोवणीपूर्वी पाळ पाहून येत. या वर्षी कोणी गेले नाही. असे का झाले, हे मी या प्रकल्पात शोधले आहे.’ इथे तलाव आहे, माणसे आहेत, आणि मुख्य म्हणजे प्रश्न आहे. आता बैठक पुढे सरकते. पाळ कोणत्या वर्षी फुटली? आजीशिवाय आणखी कोण सांगेल? पाहणी बंद का पडली, याचे उत्तर कोणाकडे मिळेल? हे प्रश्न मुलीला लिखाणातून संशोधनाकडे घेऊन जातात. ती पुस्तकांत शोधते तेव्हा तिला कळते की पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना सगळे ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या कारागिरीतून उभे राहिले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि १९५१ मध्ये तिथली मालगुजारी संपली, तेव्हा हे तलाव सरकारकडे गेले. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहेत. गावाचे पाळ पाहायला जाणे का थांबले, याचे एक टोक या इतिहासात असू शकते. ‘जल हेच जीवन’ या वाक्यातून ती इथपर्यंत कधीच पोचली नसती.

झाडीबोलीतला ‘पार’ अहवालात ठेवावा की ‘पाळ’ लिहावे, असा प्रश्न मुलगी विचारेल. माझे मत असे की मुलाखत देणाऱ्याच्या तोंडचे वाक्य असेल तर ‘पार’च ठेवावा, स्वतःच्या निवेदनात ‘पाळ’ लिहावे, आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा करावा. बांधी, पऱ्हे, रोवणी हे शब्द तर बदलूच नयेत. धानशेतीसाठी त्यांच्याइतके नेमके शब्द प्रमाण भाषेकडे नाहीत.

खोली कुठे आणि कधी, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. कॉलेजात उघडली तर एसटीच्या वेळेचा अडथळा येतो. शेवटचा तास संपला की गावाकडची मुले बस पकडायला धावतात; त्यांच्यासाठी चार वाजता उघडणारी खोली बंद असल्यासारखीच. म्हणून दोन जागा लागतात. एक कॉलेजात, दुपारच्या सुट्टीत, ग्रंथालयाच्या एका टेबलावर. दुसरी गावात, संध्याकाळी, ग्रामपंचायतीची किंवा शाळेची जी खोली तेव्हा मोकळी असेल तिथे. सार्वजनिक वाचनालय असेल तर फारच चांगले. राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे खेडोपाडी वाचनालयांचे जाळे विणले गेले, आणि आजकाल त्यांतल्या अनेकांचे रूपांतर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत झाले आहे. तिथे शांतता पाळावी लागते, इथे बोलावे लागते. म्हणून ओसरी किंवा बाजूची खोली मागून घ्यावी. मुलींना अंधार पडायच्या आत घरी जाता येईल अशी वेळ हवी, नाहीतर महिनाभरात खोलीत फक्त मुले उरतील.

दिवस शेतीच्या पंचांगाला धरून ठेवावेत. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी जोरात असते, घरातले सगळे हात बांधीत लागतात. दिवाळीच्या आसपास धान कापणी येते. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने आहेत. या काळात मुले आली नाहीत तर त्यांना अभ्यासाची गोडी नाही असे समजू नये. रोवणीच्या दिवसांत आठवड्यातून एकच दिवस ठेवावा, पण तो चुकवू नये. दोनदा येऊन कुलूप दिसले की मूल तिसऱ्यांदा येत नाही. वेळ न घेता येण्याची सोय ज्या भरवशावर चालते, तो भरवसा तिथेच तुटतो. जास्त दिवस उघडून अधूनमधून बंद राहण्यापेक्षा थोडेच दिवस पण नक्की, हे कधीही चांगले.

खोलीत बसायचे कोणी? ब्रफींचा अनुभव इथेही लागू पडतो. दोन-तीन वर्षांनी पुढे असलेली ताई किंवा दादा शिक्षकापेक्षा जवळचे वाटतात. एम.ए. करणारी, बी.एड.ची, किंवा पदवी संपवून गावी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले यासाठी योग्य. ज्याचे मराठी सर्वांत शुद्ध तोच चांगला मार्गदर्शक, असे नसते. ज्याला ऐकण्याची सवय आहे आणि गप्प बसता येते, तो चांगला. प्रश्न विचारल्यावर समोरचा विचार करत असताना आपण उत्तर देऊन टाकायचे नाही, हे शिकायला बराच सराव लागतो. म्हणून पहिल्या महिन्यात मार्गदर्शकांनी एकमेकांचे लिखाण घेऊन बसावे. ज्याने स्वतःचा कागद दुसऱ्यासमोर वाचला आहे, त्यालाच तो कागद पुढे करताना हात का थरथरतो ते कळते.

त्यांना काही मोबदला देता आला तर द्यावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा व शिका’ ही कल्पना आज अनेक विद्यापीठांत योजना म्हणून चालते. बाग किंवा कार्यालयातल्या कामाबरोबर लेखन मार्गदर्शनाचे तास त्यात का येऊ नयेत? राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे काम करायचे असते. त्यातले काही तास या खोलीला मिळाले, तर खर्च जवळपास नाही आणि कामही खरे. अर्थात हे महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्याने आधी मान्य केले पाहिजे.

आता मर्यादेविषयी. खोली गावात माहीत झाली की पहिल्या पंधरवड्यातच कोणीतरी येऊन म्हणेल, ‘ताई, उद्या जमा करायचं आहे, तुम्हीच लिहून द्या ना.’ इथे ठामपणे नाही म्हणावे लागते, पण दार न लावता. ‘लिहून देणार नाही, पण आत्ता बसलास तर खोली बंद होईपर्यंत मी इथे आहे’ असे म्हणता येते. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, मोबाइलवरचे एआय क्षणात चार पाने लिहून देते, हे मुलांना माहीत आहे. त्यांना नीतीचे व्याख्यान देऊन फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा एआयने लिहिलेला तलावावरचा परिच्छेद आणि त्या मुलीने पंधरा मिनिटांत लिहिलेला परिच्छेद शेजारी ठेवून मोठ्याने वाचावेत. मुलीच्या परिच्छेदात पाळ फुटल्याची गोष्ट आहे, एआयच्या परिच्छेदात ती असूच शकत नाही. कारण आजीची गोष्ट कुठल्याही यंत्राला माहीत नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ पाहणे, अर्जाचा नमुना कसा असतो ते बघणे, यासाठी मोबाइल जरूर वापरावा. विचार मात्र आधी कागदावर आलेला असावा.

विज्ञान आणि वाणिज्य शाखेची मुले इंग्रजी लिखाण घेऊन येतात. त्यांना आधी मराठीत सांगू द्यावे, अगदी झाडीबोलीत सांगू द्यावे. प्रयोगात काय केले, काय दिसले, का दिसले. मराठीत जे स्पष्ट झाले तेवढेच इंग्रजीत स्पष्ट होते. बहुतेक वेळा अडचण इंग्रजीची वाटते, पण खाली उतरून पाहिले तर प्रयोगच नीट समजलेला नसतो, आणि इंग्रजीच्या आडून ते झाकले गेलेले असते. समजलेले पाच वाक्यांत मराठीत आले की इंग्रजीची पाच साधी वाक्ये रचायला फार वेळ लागत नाही.

वाचनाकडेही डोळेझाक करता येणार नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांकडे पाहिले. त्यांतली जवळपास चौथा हिस्सा मुले आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचू शकत नव्हती. यातली काही पुढे कॉलेजातही येतात. असे मूल खोलीत आले तर लेखनाआधी त्याच्यासोबत वाचायला बसावे, आणि ते इतरांसमोर नको. आठवड्यातला एक दिवस, एक शांत कोपरा त्यासाठी ठेवता येतो.

या सगळ्याला अलीकडे एक व्यावहारिक कारणही मिळाले आहे, आणि गावातले पालक तेच आधी विचारतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली. निर्णय २०२२ चा. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर अंमलबजावणी २०२५ पासून ठरली. अंतिम यादीसाठी धरल्या जाणाऱ्या लेखी परीक्षेचे गुण १७५० आणि त्यात २५० गुणांचा निबंध. पर्यायांवर गोल काळे करण्याची तयारी केलेल्या मुलांना आता पानेच्या पाने लिहावी लागतील. क्लासवाले निबंधांचे तयार साचे विकतात. पण परीक्षकासमोर त्याच साच्यातले शेकडो पेपर येतात. ज्याला तलावाचा प्रश्न स्वतःच्या गावावरून मांडता येतो, त्याचा निबंध त्या गठ्ठ्यात वेगळा दिसेल. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांना ही खोली पटवायची असेल तर सुरुवात इथून करावी.

नोंद एका साध्या वहीत ठेवावी. तारीख, कोणत्या प्रकारचे लिखाण, काय अडले, शेवटी विद्यार्थ्याने काय ठरवले. नाव लिहायचे की नाही ते त्याच्यावर सोडावे, आणि ही वही कॉलेजच्या कोणत्याही शिक्षकाला दाखवायची नाही. आपले कच्चे लिखाण गुण देणाऱ्यापर्यंत जाईल अशी शंका आली तरी मुले येणे थांबवतील. किती जण आले याचा आकडा संस्थेला लागतो, तो द्यावा. मला स्वतःला मात्र ‘काय अडले’ हा रकाना जास्त मोलाचा वाटतो. वर्षभराने तो वाचला की कळते, सुरुवात करणे किती जणांना जड जाते, ‘मी केलो’ किती वेळा आले, अर्जातले निवेदन पाहून कोणत्या महिन्यात गर्दी झाली. पुढच्या वर्षी बसणाऱ्या ताई-दादांची तयारी त्यावरूनच करायची. शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या आधीच्या पंधरवड्यात दोन जण बसवायचे, फील्ड प्रोजेक्ट जमा करायच्या महिन्यात संध्याकाळची वेळ तासाभराने वाढवायची, आणि निघून जाणाऱ्या मार्गदर्शकाने नव्या मार्गदर्शकासोबत शेवटचे चार आठवडे एकत्र बसायचे.